योगवर्गाआधी जेवणाची सुट्टी

कामाच्या ठिकाणी योगवर्ग घेण्याची पद्धत आता जगभर रुळली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून ठरवला आणि पुढच्या वर्षापासून त्या दिवशी कार्यालयांत, कारखान्यांत, रुग्णालयांत चटया अंथरल्या जाऊ लागल्या. बऱ्याच संस्थांनी त्यात आठवड्याचा वर्ग, ध्यानाचं ॲप, आयुर्वेदिक आहारावर व्याख्यान अशी भर घातली. हेतू चांगलाच आहे. पण ज्या शास्त्राच्या नावाने हे चालतं, त्या शास्त्राची पहिली मागणी वेगळी आहे. आयुर्वेद आधी वेळ मागतो. जेवायची वेळ, झोपायची वेळ, लघवी लागली की उठायची मोकळीक. हे कर्मचाऱ्याच्या हातात नसेल तर वर्गात कमावलेलं त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत खर्ची पडतं. म्हणून माझं म्हणणं असं की संस्थेला आयुर्वेद आणि योग मनापासून आणायचे असतील, तर आधी कामाचं वेळापत्रक दुरुस्त करावं आणि मग शिक्षक बोलवावा.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथाच्या सूत्रस्थानातला, म्हणजे पहिल्या भागातला, सातवा अध्याय कामाच्या वेळा ठरवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. त्यात शरीराचे तेरा वेग सांगितले आहेत, जे आले असता अडवू नयेत: लघवी, शौच, शुक्र, अपानवायू, उलटी, शिंक, ढेकर, जांभई, भूक, तहान, अश्रू, झोप आणि श्रमाने लागलेली धाप. प्रत्येक वेग अडवल्यावर काय बिघडतं आणि त्यावर काय करायचं, तेही दिलं आहे. त्यापाठोपाठ दुसरी यादी येते, जे वेग आवरायलाच हवेत त्यांची. लोभ, शोक, भय, राग, मत्सर; आणि वाणीच्या बाबतीत कठोर बोलणं, फार बोलणं, चुगली, खोटं आणि अवेळी बोलणं.

आजच्या कामाच्या दिवसात या दोन याद्यांची अदलाबदल झाली आहे. भूक मारून काम संपवणाऱ्याचं कौतुक होतं, झोप बाजूला ठेवणाऱ्याला बढती मिळते, दोन तासांच्या मीटिंगमधून लघवीला उठणं बरं दिसत नाही. उलट वरिष्ठाने चारचौघांत आवाज चढवला तर ती कामाबद्दलची तळमळ ठरते आणि रात्री अकराला पाठवलेला निरोप ही निकड ठरते. आवरायचं ते मोकळं सुटलं आणि मोकळं सोडायचं ते दाबलं गेलं. अशा दिवसावर तासाभराचा वर्ग चढवून संतुलन येत नाही.

लघवीचंच घ्या. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात साधारण १५० ते २०० मिलिलिटर साठलं की पहिली जाणीव होते आणि ४०० ते ५०० पर्यंत ते भरतं. पुरेसं पाणी पिणाऱ्याला तीन-चार तासांनी उठावं लागणारच. उठता येत नाही हे ठाऊक असलेला माणूस काय करतो? पाणी कमी पितो. काउंटरवर बसणारे, वाहन चालवणारे, वर्गावर शिकवणारे, वॉर्डात उभे असणारे हेच करतात, आणि जवळ स्वच्छ स्वच्छतागृह नसेल तर बायका दिवसभर घोटावर निभावतात. लघवी गडद होते, जळजळ सुरू होते, संसर्ग आणि मूतखड्याला वाट मिळते. यात दोन वेग एकदम अडवले गेले, तहानेचा आणि मूत्राचा. अशा माणसाला 'दिवसाला आठ ग्लास पाणी प्या' असा फलक दाखवणं निरुपयोगी आहे. त्याची जागा दहा मिनिटं सांभाळणारा दुसरा माणूस त्याला हवा असतो.

शौचाचा वेग त्याहून हळवा. सकाळी उठल्यावर आणि पहिलं काही पोटात गेल्यावर मोठं आतडं आपणहून जोरात हलतं. ही संधी वीस-तीस मिनिटांची असते. त्याच वेळी माणूस बसमागे धावत असेल तर संवेदना विरून जाते, मळ आतड्यातच राहतो, त्यातलं पाणी शोषलं जातं आणि तो कडक होतो. हे रोज घडलं की मलाशय हाक देणंच कमी करतं. मग कुंथणं, मूळव्याध, भेग, आणि त्यावर रेचक चूर्ण, ज्याचा डोस वाढतच जातो. घरी करण्यासारखा उपाय साधा आहे. अर्धा तास लवकर उठावं, पेलाभर कोमट पाणी किंवा हलका नाश्ता घ्यावा, आणि वेग येवो न येवो, ठरलेल्या वेळी पाच ते दहा मिनिटं मोबाइलशिवाय बसावं. कमोड असेल तर पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवावा, म्हणजे गुडघे कमरेच्या वर येतात आणि गुदमार्ग सरळ होतो. सवय लागायला दोन-तीन आठवडे द्यावेत. पण हा अर्धा तास झोपेतून कापून आणला तर एक वेग सोडवताना दुसरा अडवल्यासारखं होईल. मग तो कुठून आणायचा? आदल्या रात्रीच्या कामातून. तिथे वैयक्तिक शिस्त संपते आणि संस्थेचा संबंध सुरू होतो.

जेवणाबद्दल चरकाचे नियम आजच्या कानाला जवळजवळ कामगारांच्या मागण्यांसारखे वाटतात. अन्न गरम असावं, स्निग्ध असावं, बेताचं असावं, आधीचं पचल्यावर खावं, घाईने खाऊ नये, फार रेंगाळतही खाऊ नये, आणि बोलणं-हसणं टाळून जेवणात मन ठेवून खावं. अर्ध्या तासाच्या सुट्टीत हे कसं बसवायचं? जागेवरून उठून जेवणघरापर्यंत पाच मिनिटं, हात धुणं आणि लघवी पाच मिनिटं, रांग किंवा डबा गरम करणं पाच ते आठ मिनिटं, परत येणं पाच मिनिटं. ताटासमोर राहिली सात ते दहा मिनिटं. पोट भरल्याची जाणीव मेंदूपर्यंत पोचायला वीसेक मिनिटं लागतात. म्हणजे ती जाणीव होण्याआधी ताट संपलेलं असतं, आणि अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या दुसऱ्या जुन्या ग्रंथाने सांगितलेलं माप, पोटाचे दोन भाग अन्न, एक भाग द्रव आणि चौथा रिकामा, पाळायला माणसाकडे साधनच उरत नाही. तो जास्त खातो, नीट चावत नाही, तीन वाजता जड होतो आणि कॉफी पितो. कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला सुमारे पाच तास लागतात, व्यक्तीनुसार कमीजास्त. साडेचारचा कप रात्री साडेनऊलाही अर्धा शिल्लक असतो. झोप लांबते, सकाळ उशिरा होते, आणि वर सांगितलेला शौचाचा अर्धा तास हातातून निसटतो. साखळी अशी पुरी होते, आणि तिची पहिली कडी आखूड सुट्टी ही आहे. पंचेचाळीस मिनिटांखालची जेवणाची सुट्टी आयुर्वेदाच्या कुठल्याच नियमात बसत नाही.

आता त्याच सुट्टीत योगवर्ग ठेवणाऱ्या संस्थांबद्दल. दुपारी एकचा वर्ग ही सोयीची पण अत्यंत चुकीची वेळ आहे. भरपेट जेवणानंतर आसनांना तीन ते चार तास जायला हवेत, हलक्या खाण्यानंतर दीड-दोन तास. एकच्या वर्गाला येणारा एकतर उपाशी येतो आणि दोन वाजता उभ्याने काहीतरी गिळतो, किंवा बाराला घाईने खाऊन येतो आणि पुढे वाकताना आंबट पाणी घशाशी येतं. दोन्हीत जेवणाचाच बळी जातो. वर्ग कामाच्या वेळेतच, दुपारी चार-साडेचारच्या सुमारास किंवा सकाळी काम सुरू होताना ठेवावा. तेवढा वेळ देणं महाग वाटत असेल तर वर्ग नसलेला बरा.

वर्गात काय होतं यावरही बोलायला हवं. आठ तास खुर्चीत बसलेल्या माणसाच्या मांडीच्या सांध्यापुढचे स्नायू आखडलेले असतात, पाठीचा वरचा भाग पुढे झुकलेला असतो आणि नितंबाचे स्नायू सुस्त पडलेले असतात. त्याला एकदम बारा सूर्यनमस्कार भरभर घालायला लावले की तो कमरेतून गोल होऊन वाकतो आणि सगळा भार खालच्या मणक्यांमधल्या चकत्यांवर जातो. अष्टांगहृदयाचा व्यायामाचा नियम इथे सोन्यासारखा आहे: अर्ध्या शक्तीने करावा, तोही बलवान आणि स्निग्ध खाणाऱ्याने, थंडीत आणि वसंतात, एरवी त्याहूनही कमी. अर्धी शक्ती ओळखायची खूणही परंपरेत आहे. कपाळ, नाक, काखेत घाम आला आणि तोंड कोरडं पडून तोंडाने श्वास घ्यावासा वाटला की थांबायचं. थकून आलेल्याची अर्धी शक्ती सकाळच्या ताज्या माणसाच्या पावदेखील नसते, हे शिक्षकाने ध्यानात ठेवावं.

बैठ्या कामाच्या माणसाला पंधरा मिनिटं पुरतात. आधी उभं राहून हात वर ताणत तीन श्वास. मग हातगुडघ्यांवर येऊन मार्जारासनाची आठ आवर्तनं, श्वास सोडताना पाठ वर, घेताना पोट खाली; मनगट दुखत असेल तर मुठी टेकवाव्यात. त्यानंतर एक पाय पुढे आणि मागचा गुडघा जमिनीवर, प्रत्येक बाजूला पाच श्वास. इथे हमखास चूक होते. माणूस कंबर पुढे ढकलून पाठीला बाक देतो, त्यामुळे मांडीचा पुढचा भाग ताणलाच जात नाही आणि कंबर चेपते. माकडहाड खाली आणि किंचित पुढे खेचून बेंबी आत ठेवली की ताण नेमका हवा तिथे येतो, आणि मग पाय जेमतेम वीतभर मागे गेला तरी पुरतो. पुढे कोपरं टेकवून भुजंगासन, पाच श्वास. शेवटी उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवून तीन मिनिटं.

उरलेली पाच मिनिटं श्वासाला द्यावीत. चार आकडे मोजून श्वास आत, सहा मोजून बाहेर, दोन्ही नाकाने. मिनिटाला सहा श्वास, म्हणजे पाच मिनिटांत तीस. इथली चूक म्हणजे श्वास मोठा करणं. संथ श्वास आणि मोठा श्वास वेगळे. छाती फुगवून हवा ओढली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं, आणि माणूस समजतो की काहीतरी जागृत झालं. तसं झालं तर मोजणं सोडून नेहमीचा श्वास घ्यावा, आणि पुढच्या वेळी तीन-चार आकड्यांपासून सुरुवात करावी. श्वास रोखून धरणं कार्यालयातल्या वर्गात शिकवूच नये. कपालभातीही सरसकट सगळ्यांना नको. उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, अपस्मार, गर्भारपण, पोटाची अलीकडची शस्त्रक्रिया यांत ती टाळायची असते. काचबिंदू असलेल्याने डोकं खाली करणारी आसनं टाळावीत. तीस-चाळीस लोकांच्या दालनात हे कुणी विचारत नाही. पंधरापेक्षा मोठा गट घेऊ नये आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाला हे आजार खासगीत विचारावेत, एवढा दंडक तरी असायला हवा.

झोपेबद्दल दोन गैरसमज फार नुकसान करतात. एक, ब्राह्ममुहूर्ताचा. सूर्योदयाआधी साधारण ९६ ते ४८ मिनिटांचा हा काळ, आणि त्या वेळी उठण्याचं सांगणं स्वस्थ माणसाला आहे. रात्री एकला निजणाऱ्याने पाचला उठून ध्यानाला बसणं म्हणजे तेरा वेगांतल्या बाराव्याला रोज अडवणं. आधी निजण्याची वेळ मागे आणावी, आणि तीही एका झटक्यात आणू नये. चरकाच्या त्याच सातव्या अध्यायात जुनी अहितकर सवय चतुर्थांशाने सोडायचा क्रम आहे. एकवरून अकरावर यायचं तर फरक दोन तासांचा, त्याचा चौथा भाग अर्धा तास. साडेबारा स्थिर झाल्यावर बारा, मग साडेअकरा. माणसं थेट अकराला आडवी होतात, दोन तास तळमळतात आणि चौथ्या दिवशी सोडून देतात.

दुसरा गैरसमज, आयुर्वेदाकडे रात्री जागणाऱ्यासाठी दोष देण्यापलीकडे काही नाही असा. अष्टांगहृदयात सोय आहे: सवय नसताना रात्री जागरण घडलं तर जागलेल्या वेळेच्या निम्मा काळ सकाळी, न जेवता झोपावं. सहा तास जागरण, तर तीन तास झोप. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र उपाशी झोपण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. आणि हा नियम प्रासंगिक जागरणाचा आहे. कायम रात्रपाळी करणाऱ्याला अंधाऱ्या खोलीत पुरे सात तास लागतात. आधुनिक विज्ञानानेही हे गांभीर्याने घेतलं आहे. जैविक घड्याळामागची रेणवीय यंत्रणा उलगडल्याबद्दल २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीला 'बहुधा कर्करोगकारक' गटात ठेवलं आहे, आधी २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. ज्या रुग्णालयात रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या परिचारिकेला सकाळी नऊच्या योगवर्गाची हजेरी सक्तीची असते, तिथे तो वर्ग तिच्या झोपेवर घाला घालतो.

चूर्ण-कॅप्सूलबद्दल थोडक्यात. त्या वेळ मागत नाहीत, म्हणूनच वेळ नसलेल्याला आवडतात. पण दिवसभर कॉफीने झोप दाबून रात्री अश्वगंधेने ती आणणं हा आयुर्वेद नाही. अश्वगंधेने यकृताला इजा झाल्याच्या दुर्मिळ पण खऱ्या नोंदी आहेत. थायरॉइडच्या आणि झोपेच्या औषधांशी तिचा झगडा होतो. गर्भारपणात ती वर्ज्य. ज्येष्ठमध रोज भरपूर घेतला तर रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. औषध वैद्याने माणूस पाहून द्यायचं असतं. त्यापेक्षा तेल बरं, आणि त्यातही अष्टांगहृदयानेच सवलत दिली आहे: अंगभर जमलं नाही तरी डोकं, कान आणि पाय यांना विशेष लावावं. निजताना दोन तळव्यांना मिळून चमचाभर तिळाचं तेल, पाच मिनिटं चोळून. मग पुसून टाकावं, नाहीतर फरशीवर पाय घसरतो. मधुमेह्यांनी बोटांच्या बेचक्यांत तेल राहू देऊ नये.

आता आक्षेप. पंधरा मिनिटं प्रत्येकाला काढता येतात, सगळं संस्थेवर का ढकलायचं, असं विचारलं जातं. योगाचा वैयक्तिक उपयोग मी नाकारत नाही. अमेरिकेतल्या वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये जुनाट कंबरदुखीच्या पहिल्या उपायांत योगाचा समावेश केला, तो पुराव्यावरच. पण संतुलनाचा प्रश्न कंबरेपेक्षा मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांत, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयरोगाने मरण्याचा १७ टक्क्यांनी जास्त असतो. आणि ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवरचा २०२४ चा अभ्यास सांगतो की ध्यानाचे वर्ग, ताण-नियोजनाचं प्रशिक्षण, ॲप असे उपक्रम घेणारे आणि न घेणारे यांच्या मानसिक स्वास्थ्यात फरक जवळजवळ दिसला नाही. तो एकाच वेळी घेतलेल्या माहितीचा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही, हे खरं. पण वेळापत्रक तसंच ठेवून वर्ग वाढवण्याच्या बाजूनेही तो काही सांगत नाही.

पतंजलीने सांगितलेल्या योगाच्या आठ अंगांत आसन तिसरं येतं. पहिलं यम, म्हणजे दुसऱ्याशी कसं वागायचं ते, आणि त्यात अस्तेय आहे, दुसऱ्याचं न घेणं. कुणाचा जेवणाचा वेळ विचारल्याशिवाय घेणं मला त्यातच बसतं असं वाटतं. फ्रान्सने २०१७ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांना कामाबाहेरच्या वेळी संपर्क न स्वीकारण्याच्या हक्कावर वाटाघाट करणं बंधनकारक केलं. युरोपीय संघाच्या नियमांत दोन दिवसांच्या कामामध्ये सलग अकरा तास विश्रांती आहे. अकरा तास मिळाले तर सात-साडेसात तास झोप, प्रवास, रात्रीचं जेवण आणि निजण्यापर्यंतचं अडीच-तीन तासांचं अंतर कसंबसं मावतं. नऊ तासांत यातलं काहीतरी गळतंच. पाळ्या बदलायच्याच असतील तर सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने बदलाव्यात, कारण शरीराला उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा सोपं जातं, आणि पाळ्यांचा तक्ता दोन आठवडे आधी हाती द्यावा.

सगळ्यात कठीण प्रश्न जागा सोडता न येणाऱ्यांचा आहे, आणि तो हिशेबाने सुटतो. आठ तासांच्या पाळीत एका माणसाला पंचेचाळीस मिनिटं जेवण आणि दहा-दहा मिनिटांच्या दोन उठण्या दिल्या तर पासष्ट मिनिटं होतात. बदली माणसाचे स्वतःचे पासष्ट वजा करता त्याच्याकडे ४१५ मिनिटं उरतात, म्हणजे तो सहा जणांना पुरतो. अडचण जेवणाच्या वेळेत येते. सहा जणांना एकामागून एक सोडलं तर साडेचार तास लागतात आणि शेवटच्याची भूक मरून गेलेली असते. दोन बदली माणसं असतील तर साडेअकराला सुरू झालेलं सगळ्यांचं जेवण पावणेदोनला आटोपतं. तो दुसरा माणूस नव्याने नेमायची गरज नाही. तेवढे सव्वादोन तास पर्यवेक्षकाने मीटिंग न ठेवता काउंटरवर उभं राहावं.